विश्लेषण : लघवीतून रक्त म्हणजे ‘उन्हाळी’च? महिलांनी दुर्बिणीची तपासणी केव्हा करावी?

लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ हे निदान घरातच होते. धणे-जिऱ्याचे पाणी, सब्जा सुरू होतो. अनेकदा त्याने बरेही वाटते. मात्र लघवीतून रक्त गेले, तेही न दुखता, तर घरगुती उपायांवर थांबणे धोक्याचे ठरू शकते.

महिलांमध्ये निदानाला उशीर का?

रक्त पाळीचे किंवा जंतुसंसर्गाचे असेल, असे आधी गृहीत धरले जाते. प्रतिजैविके घेतली, रक्त थांबले की विषय संपतो. पण मूत्राशयाच्या कर्करोगातही रक्त अधूनमधून आपोआप थांबते. लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते. त्यामुळे पाळी बंद झालेल्या महिलांनी तर अशा रक्ताकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

सिस्टोस्कोपी कशी होते?

लघवीच्या वाटेने बारीक दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहतात. महिलांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी असल्याने ही तपासणी बहुधा ओपीडीतच होते. जागा बधिर करणारी जेली लावतात, मूत्राशयात सलाइन सोडतात. लघवीची घाई झाल्यासारखे वाटते. ५ ते १० मिनिटांत तपासणी संपते. तुकडा काढायचा असल्यास अनेकदा भूल देऊन वेगळी प्रक्रिया करतात.

आधी काय सांगावे?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲलर्जी, गर्भारपण यांची माहिती द्या. मनाने गोळ्या बंद करू नका. लघवीत संसर्ग आढळल्यास तपासणी पुढे ढकलतात. डॉक्टर पुरुष असल्यास तपासणीवेळी महिला उपस्थित असणे, हा रुग्ण हक्क सनदेतील हक्क आहे. तो मागताना संकोच नको.

नंतर काळजी काय?

एक-दोन दिवस जळजळ, गुलाबी लघवी होऊ शकते. पाणी भरपूर प्या. थंडीताप, लघवी अडणे किंवा रक्ताच्या गाठी दिसल्यास त्वरित रुग्णालय गाठा.

कुठे जावे?

परळला महापालिकेचे केईएम रुग्णालय १९२६ पासून आहे. तेथे मूत्रविकार विभाग आहे. गिरगाव, दादर, लालबागच्या महिलांनाही ते फार लांब नाही. अनेकजणी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात, ते योग्यच. पण तेथे कारण सापडले नाही, तर ‘यूरॉलॉजीला दाखवू का?’ हा प्रश्न जरूर विचारा.