माणसे जोडणाऱ्या चार गोष्टी

‘पुढारी’ या शब्दातच ‘पुढे’ असणे आहे. त्यामुळे जो व्यासपीठावर मध्यभागी बसतो आणि ज्याचे नाव निमंत्रणपत्रिकेवर सर्वांत वर छापले जाते तो पुढारी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पाली वाङ्मयात नेतृत्वाचा विचार एका वेगळ्याच प्रश्नापासून सुरू होतो. माणसे एकत्र कशामुळे राहतात, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर तेथे ‘संग्रहवस्तू’ या नावाने दिलेले आहे. येथे संग्रह याचा अर्थ माणसांना जोडून धरणे असा आहे, आणि जोडून धरणाऱ्या गोष्टी चार सांगितल्या आहेत : दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता.

दान म्हणजे आपल्याजवळचे वाटून घेणे. त्यात पैसा येतो, तसाच वेळ आणि विद्याही येते. प्रियवचन म्हणजे समोरच्याचा मान राखून बोलणे. अर्थचर्या म्हणजे दुसऱ्याच्या खऱ्या हिताचे काम करणे. समानात्मता म्हणजे इतरांच्या सुखदुःखात बरोबरीने उभे राहणे, स्वतःसाठी वेगळी पंगत न मांडणे. पहिल्या तीन गोष्टी उंचावर बसूनही करता येतात. चौथीसाठी मात्र खाली उतरावे लागते, म्हणून नेतृत्वाची खरी कसोटी तीच ठरते.

या चार गोष्टींच्या बळावर मोठा समुदाय जोडणारा म्हणून आळवी येथील हत्थक या गृहस्थ उपासकाचे नाव अंगुत्तर निकायात आदराने घेतलेले आहे. एकदा तो पाचशे उपासकांसह भगवान बुद्धांच्या भेटीस आला. एवढी माणसे तू कशी सांभाळतोस, असे बुद्धांनी विचारले. हत्थकाने उत्तर दिले की, जो ज्या मार्गाने जोडला जाईल त्याला त्या मार्गाने जोडतो : कोणाला देऊन, कोणाशी गोड बोलून, कोणाचे काम करून, तर कोणाला बरोबरीने वागवून. म्हणजे आपली पद्धत लादण्याआधी समोरच्या माणसाची गरज ओळखणे आले. याच हत्थकाची आणखी एक हकीकत आहे. बुद्धांनी तुझ्या गुणांची प्रशंसा केली, असे एका भिक्षूने त्याला सांगितले. तेव्हा त्याने एवढेच विचारले की, त्या वेळी तेथे कोणी गृहस्थ हजर नव्हता ना? नव्हता, हे कळल्यावर त्याला समाधान वाटले. आपल्या चांगुलपणाची वाच्यता होऊ नये, ही त्याची इच्छा बुद्धांनी त्याचा आणखी एक गुण म्हणून गणली.

विनयपिटकातील एक प्रसंग याहून थेट आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. विहारातून फिरताना बुद्ध आनंदासह तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे विचारता त्या भिक्षूने सांगितले की, मी इतरांसाठी काही केले नाही, म्हणून तेही माझ्यासाठी करीत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदांनी अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर बुद्धांनी संघाला जमवून जाणीव करून दिली की, येथे तुमची काळजी घ्यायला आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची घेतली पाहिजे, आणि ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी.

या प्रसंगात देवाणघेवाणीचा हिशेब नाकारलेला आहे. ‘त्याने आपल्यासाठी काय केले?’ हा प्रश्न कोठल्याही कार्यालयात, मंडळात किंवा कुटुंबात स्वाभाविक वाटतो, पण पुढारपण घेणाऱ्याला तो विचारता येत नाही. विनयात हा विचार नियमाच्या रूपानेही आला आहे. शिष्याने पहाटे उठून उपाध्यायासाठी दातवण, तोंड धुण्याचे पाणी, आसन व पेज यांची व्यवस्था करावी, असे सांगितले आहे. पण शिष्य आजारी पडला, तर हीच सर्व कामे उपाध्यायाने शिष्यासाठी करावीत, असाही नियम आहे. दुबळेपण ज्याच्या वाट्याला आले त्याच्याकडे सेवेची दिशा वळते. तेथे पद आड येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात याचे उदाहरण साताऱ्याच्या वसतिगृहात सापडते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी निरनिराळ्या जातींची गरीब मुले तेथे एका छताखाली ठेवली. त्या मुलांचे पोट भरावे म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. पुढे रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष झाला, तरी त्याची मुळे त्या स्वयंपाकघरात आहेत.

इतरांना प्रथम स्थान देणे म्हणजे प्रत्येकाच्या मनासारखे वागणे नव्हे, हेही येथे स्पष्ट करावयास हवे. अर्थचर्येत हिताला महत्त्व आहे. परीक्षेत नक्कल करू पाहणाऱ्या मुलाला अडविणारा शिक्षक आणि हिशेब मागणारा खजिनदार हेसुद्धा सेवाच करीत असतात. दुसरा धोका याच्या उलट आहे. केलेल्या उपकाराची सतत आठवण देऊन माणसांना मिंधे ठेवले, तर ती सेवा उरत नाही, सत्ता होते. ज्याला आधार दिला तो एक दिवस आधाराविना उभा राहिला पाहिजे, शक्य तर दुसऱ्याचा आधार झाला पाहिजे.

१८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिकून पुढे गेलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरविल्याची खंत जाहीरपणे व्यक्त केली होती. वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येकाला ती खंत लागू पडते, कारण त्याच्या शिक्षणात अनेकांच्या ताटातला घास आहे. त्याची परतफेड मोठ्या देणगीनेच होते असे नाही. कचेरीत नव्याने लागलेल्या कनिष्ठाला काम शिकविणे, गावाकडच्या मुलाचा प्रवेशअर्ज शेजारी बसून भरून घेणे, घरातील आजाऱ्याजवळ रात्री आपण जागणे, संस्थेच्या कार्यक्रमात खुर्च्या उचलायला शेवटपर्यंत थांबणे, इतक्या साध्या कामांपासून सुरुवात होऊ शकते. माणसे कोणाच्या मागे जातात हे शेवटी अशाच कामांवरून ठरते.