बाळाचा पहिला विमानप्रवास

गेल्या महिन्यात एक आजी दवाखान्यात आल्या. लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, नातू तीन महिन्यांचा. जावई दुबईला नोकरीस; आता मायलेकरांना मुंबईहून विमानाने जायचे होते. आजींचे म्हणणे एकच, "डॉक्टर, पोर विमानात रडून गोंधळ घालील. झोपेचे चार थेंब लिहून द्या." मी ते लिहून दिले नाहीत. का दिले नाहीत, ते आज सांगतो, कारण हीच मागणी माझ्याकडे वरचेवर होते.

विमानाच्या आत हवेचा दाब राखलेला असतो, पण तो जमिनीवरच्याइतका नसतो. साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही तेथील हवा विरळ. निरोगी बाळ हे सहज सोसते. त्रास होतो तो कानाला, आणि तोही मुख्यतः विमान उतरताना.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते आणि तेथून एक बारीक नळी घशाच्या मागे उघडते. विमान चढताना आतली हवा आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढतो, नळी मिटून राहते, पडदा आत खेचला जातो आणि कान ठणकतो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, की नळी उघडते. बाळाची नळी अरुंद, आणि त्याला आवंढा गिळ म्हणून सांगता येत नाही. त्याने चोखले, गिळले, तरच काम होते. औषधाने गुंगीत असलेले बाळ गिळतच नाही. शिवाय अशा औषधाने श्वास मंदावू शकतो, आणि विरळ हवेत ते अधिकच धोक्याचे. काही मुले तर या औषधाने झोपण्याऐवजी जास्तच बिथरतात.

तेव्हा उपाय आईच्या पदराखालीच आहे. चढताना आणि उतरताना बाळाला अंगावर पाजावे. बाटलीचे असेल तर डोके उंच धरून बाटली द्यावी. मात्र चाके जमिनीला टेकण्याची वाट पाहू नये. विमान सुमारे अर्धा तास आधीपासून खाली येऊ लागते. येथे माझीच चूक सांगतो. दिल्लीहून येताना माझी नात गाढ झोपली होती, तिला उठवायला जीव होईना. ती जागी झाली ती किंचाळतच! मी मुलांचा डॉक्टर, आणि सुनेसमोर मान खाली घालावी लागली.

कानात कापसाचे बोळे घालून काही होत नाही, दाब कापसातून आत जातोच. तेल तर मुळीच घालू नये.

बाळाला सर्दी झाली असेल किंवा कान दुखत असेल, तर ही नळी सुजलेली असते. दोन वर्षांपूर्वी एका बाळाचा कान तपासला, पडदा लालभडक होता, आणि तिकीट परवाचे. वडिलांना मी प्रवास पुढे ढकलायला सांगितले. पैसे गेले म्हणून ते रागावले, पण ऐकले. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेली बाळे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नेऊच नयेत. अगदी पहिल्या आठवड्यात तर कोणतेही बाळ नेऊ नये.

उंचीवर पोटातला वायूही फुगतो, म्हणून थोडे थोडे पाजून ढेकर काढावी. आतली हवा कोरडी असते, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे पाणी नको.

मांडीवरच्या बाळाला आपल्याच पट्ट्यात बांधू नये. धक्का बसला तर आपल्या वजनाखाली बाळ चेंगरते. हवाईसुंदरीकडून बाळाचा वेगळा पट्टा मागून घ्यावा. आणि प्राणवायूचा मुखवटा खाली आलाच, तर आधी स्वतःला लावावा, मग बाळाला. आयांना हे पटत नाही, पण आई बेशुद्ध पडली तर बाळाला कोण लावणार?

दोन वर्षांच्या आतील मूल मांडीवर चालते, पण वयाचा दाखला जवळ हवा, आणि परदेशी जायचे तर तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. बाळाचे दूध तपासणीच्या वेळी आपणहून दाखवावे; प्रवासात लागेल एवढे नेऊ देतात.

परवा आजींचा फोन आला. विमान उतरताना नातू पीत होता. रडला तो नंतर, सामानाची वाट पाहताना.