आपल्या हातची खूण, परक्याच्या डबीत

आपल्याकडे नव्या भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे. पंगतीला दिलेले पातेले चार घरे फिरून का होईना आपल्याच मांडणीवर परत यावे, हा त्यामागचा हेतू. याच्या अगदी उलट चालीचा एक खेळ आज जगभर खेळला जातो. त्यात आपल्या नावागावाची छोटी वस्तू हाताने करायची आणि ती कायमची सोडून द्यायची. कोणा अनोळखी माणसाने ती उचलावी आणि आपल्या घरी जपावी, यातच करणाऱ्याचा आनंद.

या खेळाला ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. ई-पीक पाहणी करताना मोबाईलमध्ये शेताचे अक्षांश-रेखांश नोंदवले जातात, हे शेतकरी बंधूंना ठाऊक आहेच. पांढरकवडा सुमारे २० अंश उत्तर अक्षांश आणि ७८.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. असेच पण फार बारकाईचे आकडे देऊन कोणी एखाद्या ठिकाणी झाकणबंद डबी लपवतो. दुसरा उपग्रहाच्या आधारे ती शोधतो, आतल्या वहीत नाव लिहितो आणि डबी होती तिथेच ठेवतो.

मे २००० च्या आरंभी अमेरिकेने आपल्या उपग्रहांच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याआधी सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंत फरक पडे. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ओरेगॉन राज्यातील रानात एक बादली लपवली. तीत वही, पेन्सिल, पुस्तके, गलोल असे किरकोळ सामान होते. ‘काही घ्या, काही ठेवा’ एवढाच नियम. घेतले त्याच्या तोलाचे किंवा त्याहून चांगले ठेवावे, हा शिरस्ता आजही आहे. बाजारातली प्लॅस्टिकची वस्तू ठेवण्यापेक्षा पुष्कळ जण हातची वस्तू करतात. तीच त्यांची खूण, जणू सही.

आपली मुले पुण्या-मुंबईला आणि परदेशीही शिकायला-नोकरीला जातात. त्यांच्यासोबत द्यायला अशा दहा-वीस खुणा उन्हाळ्याच्या सुटीत घरीच होऊ शकतात. खर्च जवळजवळ नाही. वस्तू मात्र लहान हवी. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी असली की पुष्कळ डब्यांत मावते.

काय करावे?

सुताचा गोंडा : पोळ्याला बैलासाठी गोंडे करणाऱ्या हातांना हे नवे नाही. सरकी काढलेल्या रुईचे सूत काढावे किंवा विकतचे घ्यावे. बोटभर लांबीचा तीन पेडी गोंडा करून वर फास ठेवावा. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो. पक्का रंग दिलेले सूत बरे.

भाजलेल्या मातीची टिकली : आपली काळी माती तशीच घेऊ नये. ती ओली असताना फुगते, वाळताना आक्रसते आणि टिकलीला भेगा पडतात. कुंभाराकडून मळलेली तयार माती आणावी. पाव इंच जाडीची टिकली करून ओली असतानाच भोक पाडावे आणि काडीने गावाचे नाव कोरावे. सावलीत पूर्ण वाळू द्यावी, मग कुंभाराच्या आव्यात भाजून घ्यावी. कच्ची टिकली पाण्याने विरघळते.

पऱ्हाटीची चकती : शेवटच्या वेचणीनंतर उपटलेल्या पऱ्हाटीचा बुडखा अंगठ्याएवढा जाड असतो. साल खरवडून काढावी आणि बारीक दातांच्या करवतीने तिरप्या चकत्या पाडाव्यात. त्या अर्धा तास पाण्यात उकळून सावलीत वाळवाव्यात, घासून गुळगुळीत कराव्यात. तापल्या सुईने अक्षरे मोठ्या माणसानेच उमटवावीत. वर जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. हे तेल काही दिवसांत वाळून कडक होते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून घरात टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात.

प्रत्येक खुणेवर गावाचे नाव, साल आणि ‘२० पैकी ७’ असा क्रमांक घालावा. मुलांचे पूर्ण नाव किंवा फोन क्रमांक मुळीच घालू नये.

काय टाळावे?

वस्तू परक्याच्या हाती जाणार, बहुधा लहान मुलाच्या. म्हणून या गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

एक, सरकीसकट कापूस किंवा वाळलेले बोंड ‘आमच्या गावचे पीक’ म्हणून पाठवू नये. दिसायला ते सुंदर असते. पण गुलाबी बोंडअळी सरकीत दडून महिनोन्‌महिने सुप्तावस्थेत राहते. अमेरिकेत ती १९१७ मध्ये टेक्सासमध्ये सापडली आणि तिच्यापासून सुटका झाल्याचे तिथल्या कृषी खात्याने जाहीर केले ते २०१८ मध्ये. शंभर वर्षे लागली. त्या अळीने आपले काय केले हे यवतमाळच्या शेतकऱ्याला सांगायला नको. ती आपल्या हाताने दुसऱ्याच्या शेतात धाडू नये. बी-बियाणे आणि शेतातली कच्ची माती यांनाही हाच नियम. परदेशी पाठवायची असेल तर सुताची किंवा भाजलेल्या मातीची खूण निवडावी. लाकडाच्या वस्तूबाबत अनेक देशांचे नियम कडक आहेत.

दोन, औषधाची रिकामी बाटली किंवा डबा धुऊनसुद्धा या कामी वापरू नये. झाकणाची चकतीही नको. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष खेळण्यात शिरू देऊ नये.

तीन, गुंजा मण्यांसारख्या दिसतात म्हणून ओवू नयेत. गुंजेचे कवच टणक असते. भोक पाडले की आतले विष मोकळे होते. एरंडीच्या बियांचेही तसेच.

चार, साळिंदराचे काटे, नखे, पिसे यांना हात लावू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अजाणतेपणाची सबब तिथे चालत नाही. टिपेश्वर अभयारण्यात शिरून डबी लपवू किंवा शोधू नये. तिथे वाघ आहेत.

पाच, खाण्याचा जिन्नस ठेवू नये. मुंग्या आणि जनावरे डबी फोडतात.

आपल्या गावात डबी ठेवायची झाल्यास जागेच्या मालकाला विचारावे, ग्रामपंचायतीला सांगावे आणि डबीवर आत काय आहे ते ठळक लिहावे. परदेशात अशी डबी बॉम्ब समजून पोलिसांना पाचारण केल्याचे प्रकार घडले आहेत. जमीन खणून डबी पुरू नये, हाही खेळाचाच नियम.

केळापूर तालुक्याचे नाव बाहेरच्या जगाला कळले ते बहुधा वर्तमानपत्रातून, आणि बातमी क्वचितच चांगली होती. शेतकऱ्याची आत्महत्या, फवारणीची विषबाधा, २०१८ मध्ये मारलेली वाघीण. त्या बातम्या खऱ्या होत्या. पण इथल्या बाया सूत कातू शकतात, कुंभार माती भाजतो, पऱ्हाटीच्या बुडख्यातून पोरगा चकती काढतो, हेही तितकेच खरे आहे आणि ते कोणी छापत नाही. कोण्या दूरच्या गावातल्या मुलीने डबी उघडून ‘पांढरकवडा’ ही अक्षरे पाहिली, तर ती नकाशात हे नाव शोधील. तिला आपली पहिली ओळख चांगल्या हातकामाची व्हावी.

म्हणून खूण नीट करावी. वेडीवाकडी उतरली तर बाजूला ठेवून दुसरी करावी. परत येणार नाही अशी वस्तू घराबाहेर पाठवताना घाई करू नये. या सुटीत आधी पाचच करून पाहाव्यात, पहिली आजीला दाखवावी, आणि तिने गोंड्याची गाठ ओढून पसंत केली की मग पुढच्या घ्याव्यात.