गरुडाच्या ताटात काय होतं?

आज एका गुन्ह्याच्या तपासाबद्दल बोलू. ठिकाण आहे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडची चॅनेल बेटं. तिथे मांजराएवढं, जेमतेम दोन किलोचं खोकड राहतं. (कोल्हा नव्हे हं. कोल्हा म्हणजे जॅकल. ही गल्लत वर्तमानपत्रंसुद्धा करतात.) जगात दुसरीकडे कुठे हे खोकड नाही. 1990च्या दशकात ती पटापट मरू लागली. 2000 सालापर्यंत सांता रोझा आणि सान मिगेल या बेटांवर प्रत्येकी 15 उरली, आणि दीडएक हजार खोकडं असलेल्या सांता क्रूझवर 100च्याही आत.

आधी संशय रोगावर गेला. मग रेडिओ कॉलर लावलेल्या खोकडांची प्रेतं सापडायला लागली आणि त्यांच्यावर नखांच्या खुणा दिसल्या. मारेकरी होता सोनेरी गरुड.

आता प्रश्न असा, की हा गरुड तर शेजारच्या मुख्य भूमीवर कायमच होता. मग तो आत्ताच बेटावर का मुक्कामाला आला? उत्तर त्याच्या घरट्यात मिळतं. गरुड जेवून उरलेली हाडं, खुरं, पिसं घरट्यातच टाकतो. ती गोळा करायची, संग्रहालयातल्या नमुन्यांशी ताडून बघायची. तुकडा ओळखू येईना तर डीएनए. अशा उष्ट्यात खोकडं तर होतीच, पण रानटी डुकरांची पिल्लं आणि सांता रोझावर हरणांची पाडसंही होती. डुकरं आणि हरणं, दोन्ही माणसानं बेटावर आणलेली.

इथे थोडं थांबून नीट बघा. डुक्कर मोठं झालं की गरुडाच्या आवाक्याबाहेर जातं आणि दरवर्षी नवी पिल्लं देतं. म्हणजे गरुडाची शिदोरी कधी संपतच नाही. खोकड मात्र आयुष्यभर उचलता येईल एवढंच राहतं, पिल्लं कमी देतं, आणि भरदिवसा उघड्यावर हिंडतं, कारण वरून कुणी झडप घालेल ही भीती त्याला कधी माहीतच नव्हती. गरुडाचा संसार डुकरांवर चालला आणि त्याची किंमत खोकडांनी मोजली.

मग डुकरं मारून टाका, झालं! असं वाटतं ना? इथेच घोळ आहे. गरुड असताना डुकरं संपवली तर त्याच्यासमोर उरणार फक्त खोकडं. 2003 मध्ये काही संशोधकांनी हा धोका स्पष्ट मांडला. वेळ पडली तर कायद्यानं संरक्षित गरुडही मारावे लागतील, इथपर्यंत ते गेले. त्यावर वाद झाला, आणि माझ्या मते व्हायलाच हवा होता. प्रत्यक्षात 40हून अधिक गरुड जिवंत पकडून मुख्य भूमीवर दूर सोडले. खोकडं पिंजऱ्यात वाढवली. डुकरांची मोहीम 2005 मध्ये सुरू झाली. सांता रोझावरची हरणं त्यानंतर काही वर्षांनी काढली.

सोनेरी गरुडाला पूर्वी इथे एक शेजारी अडवत असे: बाल्ड ईगल, पांढऱ्या डोक्याचा. डीडीटीमुळे त्याच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो बेटांवरून नाहीसा झाला. 2002 ते 2006 मध्ये त्याची पिल्लं आणून सोडली. पण तोही खोकडं खाणार नाही कशावरून?

पुन्हा तपास. सान मिगेलवरच्या एका जुन्या घरट्याचे अवशेष आणि समस्थानिकांची मोजणी. समुद्रातलं अन्न खाणाऱ्याच्या शरीरात जड नायट्रोजन जास्त साठतो, आणि हाडं-पिसं तो हिशेब जपून ठेवतात. 2010 मध्ये निष्कर्ष आला: जुन्या बाल्ड ईगलचं मुख्य अन्न समुद्रपक्षी आणि मासे. मेंढपाळीच्या काळात मेलेल्या मेंढ्यांचाही त्यात वाटा होता.

2016 मध्ये उत्तरेकडच्या तिन्ही बेटांवरची खोकडं अमेरिकेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून बाहेर आली. मेंढ्या आता तिथे नाहीत. बाल्ड ईगलला पोट भरायला समुद्राकडेच वळायचं आहे, म्हणून समुद्रपक्ष्यांच्या वसाहती कशा टिकतात हा आता खोकडांच्याही काळजीचा विषय आहे.