कॉलेजातील इंग्रजी शब्द

मंगळवेढ्याच्या काळ्या रानाशी ज्याच्या घराचा संबंध आहे, त्यास 'वाफसा' म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. पाऊस उघडून जमीन पायास चिकटेनाशी व्हावी, पण मुठीत धरल्यास ओल लागावी, अशी ती अवस्था होय. ती ओळखून रब्बीच्या ज्वारीची पेर साधावयाची असते. शहरातील मुलास कोशात ह्या शब्दापुढे 'ओलावा' एवढाच अर्थ मिळाला, तर तेवढ्यावरून पाभर कोणत्या दिवशी जुंपावी हे त्यास कळणार नाही. हीच गत आपल्या गावच्या मुलांची उलट दिशेने होते. बारावीची परीक्षा उतरून मुलगा किंवा मुलगी पंढरपूर, सोलापूर अथवा पुण्यास कॉलेजात जाते. शाळेत इंग्रजीत चांगले गुण असतात, निबंधही शुद्ध लिहिता येतो. आणि तरीही पहिल्याच आठवड्यात सूचनाफलकापुढे उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. टर्म, एलिजिबिलिटी, प्रोव्हिजनल, क्रेडिट, बॅकलॉग! प्रत्येक शब्दाचा कोशगत अर्थ ठाऊक असूनही आपण नेमके काय करावयाचे ते उमगत नाही. विचारावयाची लाज वाटते, आणि लाजेत मुदत निघून जाते.

आमच्या मते ह्यात मुलांचे इंग्रजी कच्चे असते असे नव्हे. हे शब्द म्हणजे केवळ वस्तूंची नावे नसून विद्यापीठाने घालून दिलेल्या व्यवस्थांची नावे आहेत. व्यवस्था कळली की शब्द आपोआप कळतो. व्यवस्था न कळता शब्द पाठ केला तर तो ऐन वेळी दगा देतो. मोल्सवर्थ आणि कँडी ह्यांचा थोर इंग्रजी-मराठी कोश 1847 साली निघाला, तेव्हा मुंबई विद्यापीठ जन्मासही आले नव्हते. ते 1857 साली स्थापन झाले, आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर ज्यात होते ती पदवीधरांची पहिली तुकडी 1862 साली बाहेर पडली. कॉलेजची भाषा महाराष्ट्रात रुजली ती त्यानंतर, आणि आपल्या भागात तर पुष्कळच उशिरा. मंगळवेढा 1948 पर्यंत सांगली संस्थानचा तालुका होता; त्या सांगलीस विलिंग्डन कॉलेज 1919 साली झाले, सोलापुरास दयानंद कॉलेज 1940 साली, आणि सोलापूरचे स्वतंत्र विद्यापीठ तर 2004 साली. तेव्हा ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजात जात आहे, त्या घरात हे शब्द कानांवर पडलेले नसले तर त्यात नवल ते काय?

'टर्म' हाच शब्द पाहा. आपण त्याचे 'सत्र' असे भाषांतर करून मोकळे होतो. पण टर्म ही केवळ लोटत नसते, ती 'राखावी' लागते. इंग्लंडातील जुन्या विद्यापीठांत विद्यार्थ्याने ठरलेले दिवस प्रत्यक्ष वास्तव्य केले म्हणजे त्याची टर्म राखली गेली असे मानीत. लंडनच्या बॅरिस्टरीच्या संस्थांत तर ही अट भोजनाने पुरी होई! प्रत्येक टर्ममध्ये तेथील पंगतीस ठरावीक वेळा हजर राहिल्यावाचून टर्म भरत नसे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत ह्याचे मोठे गमतीदार वर्णन केले आहे. आपल्याकडे पंगत नाही, हजेरी आहे. बहुतेक ठिकाणी शेकडा 75. ती न भरल्यास 'टर्म ग्रँट' होत नाही, म्हणजे अभ्यास कितीही झाला असला तरी परीक्षेस बसता येत नाही. ह्याच मुळापासून महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचलेले 'ए.टी.के.टी.' निघाले. 'अलाउड टू कीप टर्म्स' ह्या शब्दांची ती आद्याक्षरे. विद्यापीठाने आखलेल्या मर्यादेपर्यंत काही विषय राहिले, तरी पुढील वर्षाच्या टर्म्स राखण्याची परवानगी, असा त्याचा अर्थ. 'मुलास के.टी. लागली' हे ऐकून कित्येक आईबापांस वर्ष बुडाल्यासारखे वाटते आणि ते मुलास घरी परत बोलावितात. वास्तविक ती शिक्षा नसून सवलत आहे. राहिलेला विषय मात्र नव्या विषयांबरोबर सोडवावा लागतो, आणि त्याचा परीक्षेचा अर्ज निराळा भरावा लागतो. हे विसरणाऱ्याचे मात्र खरोखरच वर्ष जाते.

शब्दांपेक्षाही क्रियापदे अधिक फसवितात, म्हणून त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक परीक्षा 'घेतात'. इंग्रजीत हा व्यवहार नेमका उलटा आहे: तेथे शिक्षक परीक्षा देतात, म्हणजे 'गिव्ह' करतात, आणि विद्यार्थी ती घेतो, म्हणजे 'टेक' करतो. व्याख्यानाचेही तसेच. आपले प्राध्यापक लेक्चर 'घेतात'. इंग्रज ते 'देतो', आणि विद्यार्थी 'अटेंड' करतो. 'परीक्षेला बसणे' मात्र दोन्ही भाषांत सारखेच बसते. तेथेही 'सिट' हेच क्रियापद चालते. 'भरणे' हे आपले क्रियापद मोठे सोशिक आहे. आपण पाणी भरतो, अर्ज भरतो आणि फीही भरतो. इंग्रजीत अर्ज 'फिल' करावा, पण फी 'पे' करावी. 'फिल द फीज' असे म्हटल्यास ऐकणारा गोंधळतो. टिपणे आपण 'काढतो', तो 'टेक' करतो. त्यांस 'रिमूव्ह' लावणारे विद्यार्थीही आम्ही पाहिले आहेत. म्हणून वहीत नुसते नाम लिहून ठेवू नये. त्याच्या शेजारी त्याचे क्रियापद लिहावे, आणि वाक्यही पुरते लिहावे.

आता पैशाच्या कागदांकडे वळू, कारण गरीब घरांस हेच शब्द सर्वांत महाग पडतात. 'स्कॉलरशिप' आणि 'फ्रीशिप' हे दोन शब्द पालक एकच समजतात. शासनाच्या योजनांत फ्रीशिप म्हणजे शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची माफी. स्कॉलरशिपमध्ये त्यावर निर्वाह भत्ताही मिळतो. कोणास काय मिळावे ते मुख्यत्वे घरच्या उत्पन्नावर ठरते, म्हणून उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवणे बरे. 'रिन्यूअल' म्हणजे नूतनीकरण: पहिल्या वर्षी अर्ज मंजूर झाला म्हणून पुढील वर्षी रक्कम आपोआप येत नाही, अर्ज दरवर्षी करावा लागतो. 'प्रोव्हिजनल अॅडमिशन' म्हणजे तात्पुरता प्रवेश. दुसऱ्या मंडळाकडून अथवा विद्यापीठाकडून आलेल्याची 'एलिजिबिलिटी', म्हणजे पात्रता, विद्यापीठाने मान्य केली की तो कायम होतो. 'बोनाफाईड' हा लॅटिन शब्द. मूळ अर्थ 'सद्भावपूर्वक'. आपल्याकडे मात्र तो, हा आमचा खराखुरा विद्यार्थी आहे अशा दाखल्याचे नाव होऊन बसला आहे. आणि 'क्रेडिट'! दुकानात क्रेडिट म्हणजे उधारी. कॉलेजात त्याच्या अगदी उलट, ती विद्यार्थ्याची जमा आहे. विषयाच्या ठरीव तासांचे काम पुरे करून उत्तीर्ण झाल्यावर खात्यावर पडणारी. मराठीत त्यास 'श्रेयांक' म्हणतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हे श्रेयांक साठवून ठेवण्याची सोयही झाली आहे, म्हणून हा शब्द प्रथम वर्षाच्या पहिल्याच दिवशी समजून घेणे अगत्याचे आहे.

काही शब्दांनी तर इकडे येऊन जातच बदलली आहे. पेशवे श्रावणात विद्वानांस दक्षिणा वाटीत. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारने त्या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळविला, आणि कॉलेजांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. 'फेलो' म्हणजे एरवी सोबती किंवा गडी. विद्यापीठात मात्र वेतन घेऊन अध्ययन करणारा विद्वान. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात असे दक्षिणा फेलो होते. संस्कृत आणि इंग्रजी ह्या दोन शब्दांची इतकी सुंदर गाठ आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळली.

ह्यावरून एक गोष्ट लक्षात येईल की, आपण ज्यास इंग्रजी म्हणून वापरतो त्यातील पुष्कळसे इकडचेच पीक आहे. ते वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. सोलापुरात 'गॅदरिंग' म्हणावे, 'एफ.वाय.' आणि 'टी.वाय.' म्हणावे, प्रयोगवहीस 'जर्नल' म्हणावे, सर्वांस समजते. परंतु गावची मुले आता परदेशीही जातात, आणि तेथे हे नाणे चालत नाही. तेथे जर्नल म्हणजे संशोधनाचे नियतकालिक. 'ट्यूशन' म्हणजे खासगी शिकवणी नव्हे. अमेरिकेत विद्यापीठाच्या फीसच ट्यूशन म्हणतात. 'हॉस्टेल' म्हणजे बहुधा प्रवाशांची स्वस्त उतारशाळा. विद्यार्थी राहतो तो अमेरिकेत 'डॉर्म'मध्ये आणि इंग्लंडात 'हॉल'मध्ये. इकडे कॉलेजात शिकविणाऱ्या प्रत्येकास आपण प्रोफेसर म्हणून नावामागे 'प्रा.' लावतो, इंग्लंडात ते अध्यापकांतील सर्वोच्च पद आहे, सरसकट वापरले तर बाकीचे संकोचतात. अमेरिकेत पदवीची वर्षे चार, त्यांची नावेही चार: फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनियर, सीनियर. तेथे 'ज्युनियर' म्हणजे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. आपल्या अकरावी-बारावीच्या 'ज्युनियर कॉलेज'शी त्याचा काडीमात्र संबंध नाही.

कधी कधी मात्र मूळ घरी विसरू लागलेला शब्द आपल्याकडे मानाने नांदतो. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेस 'ट्रायपॉस' म्हणतात. पूर्वी तेथे उमेदवारांशी वाद घालणारा पदवीधर तीन पायांच्या बैठकीवर, म्हणजे आपल्या तिवईवर बसे, त्यावरून ते नाव पडल्याचे सांगतात. तीत पहिला वर्ग मिळविणारा तो 'रँग्लर', शब्दशः भांडणारा, वाद घालणारा. 1899 साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तेथे सीनियर रँग्लर झाले आणि महाराष्ट्रात ते जन्मभर 'रँग्लर परांजपे' म्हणूनच ओळखले गेले. अमेरिकेत हाच शब्द घोडी राखणाऱ्यास लावतात. तेव्हा तिकडे ह्या थोर गणितज्ञाची गोष्ट सांगणाऱ्याने आधी केंब्रिजचे नाव घ्यावे, हे बरे.