सीमाभागातील मालवाहतूक आणि तिचे नियोजन

शेतात पिकलेला माल बाजारात पोहोचेपर्यंत त्याचे मोल पूर्ण होत नाही. शेतकऱ्याच्या हाती पडणारा भाव हा बाजारातील भावातून हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता उरलेला भाव असतो. रस्ता खराब असेल, गाडी वेळेवर मिळत नसेल किंवा ती परतताना रिकामी येत असेल, तर त्याचा भार अखेरीस उत्पादकावरच पडतो. म्हणूनच मालवाहतुकीचे नियोजन हा केवळ अभियंत्यांचा विषय नसून तो प्रत्येक गावाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. कर्नाटकातील बीदर व कलबुर्गी हे सीमावर्ती जिल्हे या विषयाचे उत्तम उदाहरण होत.

प्रदेश एक, सीमा अनेक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहिराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद आदी भाग म्हैसूर राज्यात समाविष्ट झाला. राज्ये बदलली, तरी बाजाराच्या वाटा बदलल्या नाहीत. औराद व भालकी तालुक्यांतील शेतकऱ्यास उदगीर-लातूरचा मोंढा जवळचा वाटतो. आळंद तालुक्यातील शेतकऱ्यापुढे कलबुर्गीचा गंज आणि सोलापूरचा बाजार असे दोन्ही पर्याय असतात. माल भाव पाहतो, अंतर पाहतो. तो राज्याची हद्द पाहत नाही.

या भागातून बाहेर जाणारा माल विविध प्रकारचा आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहाबाद परिसरातील फरशी महाराष्ट्रातील घराघरांत गावाच्या नावानेच ओळखली जाते. वाडी, मळखेड व सेडम येथे चुनखडीच्या साठ्यांमुळे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. बीदर जिल्ह्यात सोयाबीन, मूग, उडीद व ऊस ही पिके प्रमुख आहेत.

लोहमार्ग आणि महामार्ग

या प्रदेशात आगगाडी लवकर आली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचला आणि १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा निजामाच्या राज्यातील मार्ग सुरू झाला. तथापि बीदर व कलबुर्गी ही दोन शेजारची जिल्ह्याची ठिकाणे मात्र दीर्घकाळ थेट जोडली गेली नव्हती. बीदरहून लोहमार्गाने कलबुर्गीस जावयाचे तर विकाराबाद आणि वाडी असा मोठा वळसा घ्यावा लागे. सुमारे ११० किलोमीटर लांबीचा बीदर–कलबुर्गी लोहमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. त्याच्या घोषणेपासून पूर्ततेपर्यंत सुमारे वीस वर्षे लोटली. मूळ अंदाज सुमारे ३७० कोटी रुपयांचा होता; प्रत्यक्ष खर्च १,५०० कोटींच्या पुढे गेला. नियोजनातील विलंबाची किंमत किती मोठी असते, याचा हा बोलका दाखला आहे.

रस्त्यांच्या दृष्टीने हुमनाबाद हे महत्त्वाचे ठिकाण आहे. पुणे–सोलापूर–हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि नांदेड–बीदर–कलबुर्गी–विजयपूर असा जाणारा ५० क्रमांकाचा महामार्ग येथे एकत्र येतात. पूर्वपश्चिम आणि दक्षिणोत्तर अशा दोन्ही दिशांची मालवाहतूक या एका गावावरून जाते.

नियोजनाच्या चार पायऱ्या

मालवाहतुकीचा आराखडा तयार करताना तज्ज्ञ मंडळी गणिती प्रतिमानाचा आधार घेतात. प्रतिमान म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराची कागदावर अथवा संगणकावर मांडलेली प्रतिकृती होय. तिच्या पायऱ्या समजण्यास अवघड नाहीत.

पहिली पायरी म्हणजे माल कोठे व किती निर्माण होतो, याचा हिशेब. समजा, एखाद्या गावात १,००० एकर तूर आहे आणि एकरी ५ क्विंटल उतारा पडतो. एकूण ५,००० क्विंटल तुरीपैकी बियाणे व घरखर्चासाठी ५०० क्विंटल ठेवल्यास ४,५०० क्विंटल, म्हणजे ४५० टन माल बाहेर जाईल. दहा टनी मालमोटारीच्या ४५ खेपा होतील. गाड्या रिकाम्या आल्या, तर रस्त्यावरील फेऱ्या ९० होतील.

दुसरी पायरी म्हणजे हा माल कोठे जाईल, हे ठरविणे. मोठा बाजार अधिक माल ओढतो आणि लांबचा बाजार कमी ओढतो, हे साधे तत्त्व येथे वापरले जाते. तिसरी पायरी साधनाची. सिमेंटसारखा जड व एकगठ्ठा माल दूर पाठवावयाचा असल्यास आगगाडी परवडते. एका मालगाडीत अडीच हजार टनांच्या आसपास माल मावतो, म्हणजे सव्वाशे ते दीडशे मालमोटारींचे काम होते. उलट, ऊस तोडल्यानंतर लवकर गाळला न गेल्यास त्यातील साखर घटते, म्हणून तो जवळच्या कारखान्यास रस्त्यानेच जातो. चौथ्या पायरीत या सर्व खेपा प्रत्यक्ष रस्त्यांवर वाटून कोणत्या रस्त्यावर किती भार येईल, हे काढले जाते. शेवटी नाक्यानाक्यावर गाड्या मोजून हिशेबाचा पडताळा घेतला जातो.

हंगामाचा विचारही तितकाच आवश्यक आहे. मूग-उडीद पावसाळ्याच्या अखेरीस, सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास, तर तूर संक्रांतीच्या आगेमागे बाजारात येते. थंडीत उसाचा हंगामही भरात असतो. वर्षाची सरासरी काढली, तर या महिन्यांतील ताण दृष्टीआड होतो.

रस्त्याचा भार केवळ गाड्यांच्या संख्येवर अवलंबून नसतो. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून असे आढळले की, आसावरील वजन दुप्पट झाले, तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. भारतात २०१८ मध्ये चार चाकांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. महामार्गास हा भार पेलतो. गावाच्या रस्त्यास तो पेलतोच असे नाही.

जे नोंदले जाते तेच दिसते

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरील कर तपासणी नाके बंद झाले. एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले. साधारणतः ५०,००० रुपयांवरील माल नेताना तो कोठून कोठे व कोणत्या गाडीतून जात आहे, हे त्यात नोंदले जाते. २०२१ पासून पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. या नोंदींमुळे नियोजनकारांच्या हाती पूर्वी कधी नव्हती इतकी माहिती आली आहे.

परंतु येथेच एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. अप्रक्रियित शेतमाल बहुतांशी करमुक्त असल्याने त्यास ई-वे बिल लागत नाही. गावरस्त्यावर पथकर नाकाही नसतो. परिणामी सेडमहून निघालेल्या सिमेंटच्या गोणीची नोंद होते, पण भालकीच्या शेतातून ट्रॅक्टरने उदगीरच्या मोंढ्यात गेलेल्या सोयाबीनच्या पोत्याचा वाटेत कोठेही मागमूस राहत नाही. केवळ संगणकीय नोंदींवर आराखडा बेतला, तर कारखान्यांचे रस्ते रुंद होतील आणि शेतमालाच्या वाटा तशाच राहतील. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नव्हे. हिशेबात जे आलेच नाही, त्यास निधी मिळणार कसा?

दुसरी उणीव हद्दीची आहे. प्रत्येक राज्य आपल्या हद्दीपुरता आराखडा करते. मग सीमेपर्यंतचा रस्ता एका राज्याच्या यादीत येतो आणि पलीकडील चार-पाच किलोमीटरचा तुकडा दुसऱ्या राज्याच्या यादीत मागे पडतो. मालगाडीस वा मालमोटारीस मात्र अखंड रस्ता लागतो. २०२१ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान गतिशक्ती योजनेत विविध खात्यांची माहिती एका नकाशावर आणण्याचा प्रयत्न आहे. २०२२ च्या राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरणाचा रोखही वाहतूक खर्च कमी करण्याकडे आहे. या नकाशावर सीमावर्ती गावरस्ते यावेत, यासाठी त्यांची माहिती खालूनच वर गेली पाहिजे.

गावाने काय करावे?

अमेरिकेत १९९३ पासून दर पाच वर्षांच्या सुमारास मालाच्या प्रवाहाची देशव्यापी पाहणी केली जाते. आपल्याकडे गावपातळीवर या कामास मोठा खर्च लागणार नाही. ग्रामपंचायतीने हंगामात एक साधी वही ठेवावी. कोणत्या दिवशी किती गाड्या, कोणता माल घेऊन, कोणत्या बाजारास गेल्या आणि भरून परतल्या की रिकाम्या, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. बाजार समितीच्या आवकपट्टीत मालाच्या गावाचे नाव असल्यास दोन्हींचा मेळ घालता येतो. शाळेतील वरच्या वर्गांच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी आठवड्यातून एक दिवस गाड्यांची मोजणी करावयास लावली, तर भूगोल व गणित या दोन्ही विषयांचा तो प्रत्यक्ष पाठ ठरेल. तालुका अधिकाऱ्यांनी या नोंदी एकत्र करून जिल्हा नियोजनाकडे पाठवाव्यात आणि शेजारच्या राज्यातील समपदस्थ अधिकाऱ्यांनाही त्यांची प्रत द्यावी.

डाळीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. शंभर किलो तुरीपासून साधारण सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ मिळते. म्हणजे तूर दूरच्या गिरणीस पाठविणे याचा अर्थ टरफल व चुरी यांचेही भाडे भरणे होय. गिरणी जवळ असल्यास ते भाडे वाचते आणि चुरी जनावरांच्या खाद्यासाठी गावाजवळच राहते. गिरणी कोठे असावी, गोदाम कोठे बांधावे, कोणता रस्ता आधी पक्का करावा, या प्रश्नांची उत्तरे अशाच नोंदींतून मिळतात.

रस्ता मागणारे अर्ज अनेक येतात. ज्या अर्जासोबत मालाचा आणि खेपांचा हिशेब असेल, त्याचा विचार करणे अधिकाऱ्यास सोपे जाते. सीमाभागातील गावांनी आपल्या मालाची मोजदाद स्वतः सुरू केली, तर दोन्ही राज्यांच्या आराखड्यांत त्यांच्या वाटांना योग्य स्थान मिळू शकेल.