फ्रीलान्स लेखन: वय वाढतं तसं गणित कसं बदलतं?

भाषांतर, वेबसाइटचा मजकूर, जाहिराती, मालिकांचे संवाद अशी कामं फ्रीलान्स पद्धतीनं करणारे लेखक अनेक आहेत. नोकरीत कंपनी जे सांभाळते, ते इथे लेखकालाच सांभाळावं लागतं. वयाच्या प्रत्येक टप्प्यावर त्यातली वेगळी उणीव जाणवते.

विशी: थकलेलं मानधन

या वयात खर्च कमी असतो, पण पैसे वेळेवर मिळत नाहीत. यावर एक उपाय म्हणजे केंद्र सरकारच्या 'उद्यम' पोर्टलवरची मोफत नोंदणी. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं. ही नोंदणी काम घेण्याआधीच केलेली बरी.

तिशी: न मिळणारी रजा

पात्र नोकरदार महिलेला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. फ्रीलान्सरनं काम थांबवलं की उत्पन्नही थांबतं. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. सुट्या लेखांपेक्षा दरमहा ठराविक रक्कम देणारी एक-दोन कामं या काळात जास्त उपयोगी पडतात.

चाळिशी-पन्नाशी: पीएफ कुठून येणार?

नोकरदाराच्या पीएफमध्ये साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम तो भरतो आणि तेवढाच वाटा कंपनी उचलते. फ्रीलान्सरला दोन्ही वाटे स्वतःच काढावे लागतात. त्यासाठी १५ वर्षं मुदतीचं पीपीएफ किंवा एनपीएस हे पर्याय आहेत. आई-वडिलांची आजारपणं याच वयात येतात, त्यामुळे आरोग्य विमाही स्वतःच्याच खिशातून घ्यावा लागतो.

साठी: जुन्या सहीचा हिशेब

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत लिहिलेल्या मजकुराचे हक्क सहसा मालकाकडे जातात. स्वतंत्र लेखक मात्र करारानं हक्क दिले नसतील, तर स्वतःच पहिला मालक असतो. हे हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते.

म्हणजे पंचविशीत 'सर्व हक्क कायमचे' या ओळीखाली घाईनं केलेली सही साठीतलं उत्पन्न ठरवू शकते. मानधनाचा आकडा पाहताना करारातली मुदतही वाचायला हवी, ती याचसाठी.